तिखाडीचा वास आणि कातडीचा हिशेब

१८७१ साली ऑस्कार जेकबसेन या जर्मन रसायनतज्ज्ञाने भारतातल्या एका गवताच्या तेलातून गुलाबासारख्या वासाचा एक द्रव पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात वेगळा काढला. त्या द्रवाला जिरॅनिऑल म्हणतात. ज्या गवताचं ते तेल, त्याला व्यापारात रोशा म्हणत. आपण वऱ्हाडातले लोक तिखाडी म्हणतो. पुढे सव्वाशेहून अधिक वर्षांनी, २००३ साली, युरोपीय संघाने सौंदर्यप्रसाधनांच्या कायद्यात दुरुस्ती केली आणि २६ सुगंधी घटकांची यादी काढली. यांच्यातला कुठलाही घटक ठरावीक मात्रेपेक्षा जास्त असेल तर वेष्टनावर त्याचं नाव छापा, कारण काही माणसांच्या कातडीला तो सोसत नाही, असा त्या दुरुस्तीचा आशय. त्या यादीत जिरॅनिऑल आहे. वरुड-मोर्शीच्या संत्र्याच्या सालीत ठासून भरलेलं लिमोनीनही आहे. एकट्या अमरावती जिल्ह्याने युरोपच्या यादीला दोन नावं पुरवली, असं गमतीने म्हणायला हरकत नाही.

तिखाडीच्या तेलाबद्दल आपल्याकडे दोन तऱ्हेची बोलणी ऐकू येतात. एक जुन्या माणसांचं : ‘आमची आजी गुडघ्याले हेच तेल चोळत होती, तिले काई झालं नाई.’ दुसरं मोबाईलवर चार व्हिडिओ पाहिलेल्या नव्या पिढीचं : सुगंध म्हणजे विष, ज्या डबीवर ‘फ्रॅग्रन्स’ लिहिलंय ती सरळ कचऱ्यात. मला दोन्ही पटत नाहीत, आणि दोन्हींचा दोष एकच वाटतो. ‘हे सुरक्षित आहे का’ एवढाच प्रश्न विचारून दोघंही थांबतात. या प्रश्नाला सुटं उत्तर नसतं. वस्तू कोणत्या कामासाठी घातली आहे हे आधी ठरवल्याशिवाय तिचा धोका परवडतो की नाही, हे कसं ठरवणार? शस्त्रक्रियेच्या भुलीत जो धोका आपण मुकाट पत्करतो, तो दाढीच्या साबणात कोणी पत्करणार नाही. सुगंधाच्या बाबतीत ही साधी गोष्ट विसरली जाते, कारण सुगंधाचं काम काय, हे कोणी विचारतच नाही.

आधी गवताची ओळख. सिम्बोपोगॉन मार्टिनी हे त्याचं शास्त्रीय नाव. त्यातला ‘मार्टिन’ म्हणजे लखनौचा तो फ्रेंच जनरल क्लॉड मार्टिन, ज्याच्या नावाने तिथली ला मार्टिनियर शाळा चालते. टिपूविरुद्धच्या लढाईत सैन्याबरोबर असताना त्याने बालाघाटच्या डोंगरांतून या गवताचं बी गोळा केलं, लखनौला रुजवलं आणि कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाला पाठवलं. रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने मार्टिनचं नाव गवताला दिलं. मेळघाटातल्या कोरकूंना आणि गवळ्यांना हे गवत त्याआधी कितीतरी पिढ्या माहीत असणार. पण शास्त्रीय नावं अशीच पडतात.

या गवताच्या दोन जाती व्यापाऱ्यांनी पूर्वीपासून वेगळ्या ओळखल्या : मोतिया आणि सोफिया. कोरड्या, उघड्या उतारावर वाढते ती मोतिया. तिचं तेल गुलाबी वासाचं आणि भाव खाणारं. त्यालाच जग पामरोजा म्हणतं. ओलसर, सखल जागी वाढते ती सोफिया. तिचं तेल उग्र आणि स्वस्त, त्याला बाहेरच्या बाजारात जिंजरग्रास म्हणतात. दिसायला दोन्ही जवळजवळ सारख्या. पावसाळा संपून तुरे लालसर झाले की कापणी. जंगलातच ओढ्याकाठी भट्टी लागे. डेगेत गवत आणि पाणी, वर झाकण चिखलाने लिंपलेलं, त्यातून बांबूची नळी, आणि ती नळी वाहत्या पाण्यात ठेवलेल्या भांड्यात. शंभर किलो गवताला तेल निघायचं अर्ध्या किलोच्या आसपास, बहुतेक वेळा त्याहून कमीच.

ब्रिटिश अमदानीत निमाड, खानदेशातलं पिंपळनेर आणि आपलं एलिचपूर-मेळघाट ही या तेलाची नावाजलेली ठिकाणं होती. माल मुंबईला जाई आणि तिथून तांबड्या समुद्रामार्गे थेट इस्तंबूलला. तिथे त्याला ‘इद्रिस यागी’ म्हणत. आणि त्याचं काय करत? गुलाबाच्या अत्तरात भेसळ! बल्गेरियाच्या कझानलिक खोऱ्यातलं गुलाबतेल सोन्याच्या भावाने विकलं जाई. त्यात हे तेल बेमालूम खपे. कधी ते आधीच गुलाबपाकळ्यांवर शिंपडून मग पाकळ्या भट्टीत टाकत. भेसळ सापडायची नाही, कारण खऱ्या गुलाबतेलातही जिरॅनिऑल असतंच. मिसळण्याआधी तेलाचा रंग आणि वास सुधारावा म्हणून ते लिंबाच्या रसाच्या पाण्याबरोबर घुसळत आणि उन्हात ठेवत. हे उन्हात ठेवणं लक्षात असू द्या. पुढे त्याचं काम पडणार आहे.

मोतियाच्या तेलात साधारण ७० ते ८५ टक्के जिरॅनिऑल असतं, उरलेल्यात जिरॅनिल अ‍ॅसिटेट वगैरे. पोटाच्या दृष्टीने जिरॅनिऑल निरुपद्रवी म्हणावं असंच आहे. खाद्यपदार्थांत स्वादासाठी ते वापरलं जातं. कर्करोग, वंध्यत्व असल्या धास्तीच्या गोष्टी त्याच्या माथी मारायला आधार नाही. प्रश्न आहे तो कातडीचा, आणि तोही एका विशिष्ट प्रकारच्या अ‍ॅलर्जीचा.

ही अ‍ॅलर्जी वऱ्हाडी माणसाला समजावून सांगायला परक्या उदाहरणाची गरज नाही. बिब्बा सगळ्यांनाच उतत नाही. एकाच घरातला एक भाऊ बिब्ब्याचं तेल भेगांना बिनधास्त भरतो आणि दुसऱ्याचं तोंड नुसतं झाडाखालून गेला तरी सुजतं. पहिल्यांदा हात लागला तेव्हा काहीच झालं नव्हतं, असंही पुष्कळ जण सांगतात. नेमकं तसंच आहे. पहिल्या काही वेळांत शरीर त्या पदार्थाची ओळख नोंदवून ठेवतं. नंतर कधीतरी तो पुन्हा भेटला की एक-दोन दिवसांनी खाज, लाली, पुळ्या, पाणी सुटणं सुरू होतं. एकदा नोंद झाली की ती सहसा पुसली जात नाही. गाजर गवताने शेतकऱ्यांच्या मानेला, पापण्यांना, कोपराच्या खोबणीत जे होतं, तेही याच जातीचं. जिरॅनिऑलची ताकद बिब्ब्याच्या पासंगालाही पुरत नाही, हे मात्र आवर्जून सांगायला हवं. ते सौम्य आहे, आणि या सौम्यपणामुळेच त्याच्याकडे दुर्लक्ष होतं. बिब्ब्याला माणूस जपून हात लावतो. सुगंधी क्रीम सकाळ-संध्याकाळ वर्षानुवर्षं चोळतो.

आता ते ऊन. शुद्ध, ताजं जिरॅनिऑल कातडीतल्या प्रथिनांना फारसं चिकटत नाही. पण हवा लागली की त्याचं ऑक्सिडीकरण होतं आणि जिरॅनिअलसारखी, तसंच हायड्रोपेरॉक्साइड जातीची नवी द्रव्यं तयार होतात, ती चिकटतात. काही प्रमाणात हे रूपांतर कातडीतली विकरंसुद्धा घडवतात. स्वीडनमधल्या गॉथेनबर्गच्या संशोधकांनी त्वचारोग्यांच्या पाठीवर दोन्ही लावून पाहिलं, तेव्हा ताज्या जिरॅनिऑलपेक्षा हवेत जुन्या झालेल्या जिरॅनिऑलला जास्त जणांची कातडी उठली. लिमोनीनचीही हीच गत : ताजं बऱ्यापैकी गरीब, शिळं खोडकर.

म्हणजे बाटली किती जुनी, झाकण किती वेळा उघडलं, ती कुठे ठेवली, याला महत्त्व आहे. वेष्टनावर नाव छापण्याच्या युरोपच्या नियमात या गोष्टी मावत नाहीत. तो मात्रा पाहतो. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. २०२४ च्या मे अखेरीस तर उष्णतेच्या लाटेमुळे जिल्हा प्रशासनाला जमावबंदीचं १४४ कलम लावावं लागलं होतं. अशा गावात पत्र्याच्या छपराखालच्या दुकानात पडून राहिलेली, अर्धी वापरून खिडकीत ठेवलेली तेलाची बाटली आणि थंड देशातल्या कपाटातली बाटली या रसायनाच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू आहेत. वऱ्हाडासाठी सुरक्षिततेचा विचार वऱ्हाडाच्या उन्हातच करावा लागेल.

धोका केवढा? युरोपीय संघाच्या वैज्ञानिक समितीने २०१२ साली दिलेल्या अंदाजाप्रमाणे तिथल्या सर्वसाधारण लोकांपैकी १ ते ३ टक्क्यांना कुठल्या ना कुठल्या सुगंधी घटकाची स्पर्श-अ‍ॅलर्जी असते. ही सगळ्या सुगंधांची मिळून बेरीज. त्यात जिरॅनिऑलचा वाटा लहान. त्वचारोगतज्ज्ञ अ‍ॅलर्जी शोधणाऱ्या पॅच टेस्टला जे सुगंध-मिश्रण वापरतात, त्यात आठ घटक असतात आणि जिरॅनिऑल त्यातला एक. दालचिनीतलं सिनॅमल, लवंगेतलं युजेनॉल, आयसोयुजेनॉल ही बाकीची मंडळी. त्या पंगतीत जिरॅनिऑल शांत स्वभावाचं म्हणून ओळखलं जातं. तेव्हा ‘सुगंध म्हणजे विष’ हे विधान खोटं आहे. शंभरातल्या सत्त्याण्णव-नव्व्याण्णव जणांना काही होत नाही. आजीलाही म्हणूनच काही झालं नाही. आजीचा अनुभव खरा होता, फक्त तो एका माणसाचा होता.

तर धोका थोडा. मग थोड्या धोक्याच्या बदल्यात मिळतं काय?

इथे बाजारातली भाषा बघण्यासारखी असते. तिखाडीचं तेल घातलेल्या क्रीमवर लिहिलेलं असतं की ते त्वचेचं तेल-पाणी संतुलित करतं, जंतू मारतं, सुरकुत्या घालवतं. संतुलन आणि सुरकुत्या यांच्यामागे दखल घ्यावी असा पुरावा मला दिसत नाही. जंतूंचं म्हणणं अर्धं खरं आहे. प्रयोगशाळेतल्या बशीत हे तेल जिवाणू आणि बुरशी रोखतं, यात शंका नाही. पण बशीत तेल कोंडलेलं असतं. कातडीवर ते उडून जातं, क्रीमच्या स्निग्ध भागात अडकतं. कातडीवर खरोखर काम करायला किती लागतं, याचा एक धडा टी ट्री तेलाने दिलेला आहे. ऑस्ट्रेलियात १९९० साली मुरुमांच्या १२४ रुग्णांवर त्याची बेन्झॉइल पेरॉक्साइड या औषधाशी तुलना झाली. गुण आला, सावकाश आला. पण त्या जेलमध्ये तेल होतं ५ टक्के. वासापुरतं जे तेल क्रीममध्ये घालतात, ते त्याच्या कितीतरी पट कमी असतं. आणि टी ट्रीचं तेल जुनं झालं की तेही कातडी उठवतं.

कोंडी अशी आहे की औषध म्हणून काही करावं एवढं तेल घातलं, तर अ‍ॅलर्जीची शक्यता वाढते. धोका नगण्य व्हावा एवढं कमी घातलं, तर ते फक्त वास देतं. म्हणून क्रीमच्या डबीवर ‘औषधी’ आणि ‘पूर्ण सुरक्षित’ हे दोन्ही शब्द एकदम दिसले, की त्यातला एक खोटा आहे असं मी समजतो.

उरतो वास. वासाला मी तुच्छ लेखत नाही. साबणाच्या मूळ चरबीला जो वास असतो तो झाकणं हे खरं काम आहे. स्वस्त तेलांपासून घरी केलेला बिनवासाचा साबण नाकाजवळ धरून पाहा. दिवाळीच्या पहाटे उटण्यात नागरमोथा, वाळा, कचोरा नसता, तर नुसतं पीठ चोळण्यासाठी कोण लेकरू थंडीत उठलं असतं? आनंद हाही उपयोगच आहे आणि त्यासाठी माणसं थोडा धोका पत्करतात, त्यात गैर काही नाही. डास दूर ठेवायलाही जिरॅनिऑल वापरतात. ते लवकर उडतं म्हणून परिणाम फार टिकत नाही, पण काम खरं आहे. मात्र हा आनंद कातडीत जिरवलाच पाहिजे असं नाही. साबण दोन मिनिटांत धुऊन जातो. अत्तर रुमालाला, सदऱ्याला लावता येतं. कायद्यालाही हा फरक कळतो : धुऊन जाणाऱ्या वस्तूत ०.०१ टक्क्यापेक्षा जास्त असेल तर नाव छापा, आणि अंगावर राहणाऱ्या वस्तूत ०.००१ टक्क्यापेक्षा जास्त असेल तरी छापा. दहापट कडक.

माझी हरकत आहे ती एका नेमक्या ठिकाणी : आजारी, फाटलेल्या किंवा कोवळ्या कातडीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या मलमांत, मॉइश्चरायझरांत आणि बाळाच्या मालिशतेलात सुगंध घालण्यावर. इसबाच्या रुग्णाची कातडी ही पडकी भिंत असते. जे निरोगी कातडीतून आत शिरत नाही, ते तिथून शिरतं. युरोपीय समितीच्याच अहवालात इसबाच्या रुग्णांपैकी १६ टक्क्यांपर्यंत लोकांना सुगंधी घटकांची अ‍ॅलर्जी असल्याचं नोंदलं आहे. कापूस वेचून बोटं चिरलेल्या बाईला रात्री जे क्रीम लावायचं, त्यात गुलाबाच्या वासाने तिच्या चिरा लवकर भरत नाहीत. कोणी म्हणेल, वास चांगला असला की ती ते रोज लावेल, म्हणून फायदाच. हा युक्तिवाद मी पुष्कळ वेळा ऐकला आहे आणि तो अगदीच पोकळ नाही. पण साध्या व्हॅसलिनला वास नाही आणि खेड्यापाड्यांत ते पिढ्यान्‌पिढ्या लावलं जातं. ज्या वस्तूचं कामच कातडी बरी करणं आहे, तिच्यात कातडी बिघडवू शकणारा आणि बरं करण्यात वाटा नसलेला घटक कशाला? तिथे एक टक्का धोकाही मला जास्त वाटतो, कारण दुसऱ्या पारड्यात काहीच नाही.

‘पण हे तर नैसर्गिक आहे, आपल्या जंगलातलं आहे.’ बिब्बाही आपल्याच जंगलातला आहे. कातडीला मूळ गाव विचारायची सवय नसते. ती रेणू ओळखते. तिखाडीतलं, गुलाबातलं आणि कारखान्यात बनवलेलं जिरॅनिऑल तिच्या लेखी एकच. कृत्रिम सुगंधांनी आपली पापं केली आहेत, नाही असं नाही : लिलिअल नावाचा लोकप्रिय घटक प्रजननाला घातक ठरण्याच्या शंकेने युरोपात १ मार्च २०२२ पासून बंद झाला. पण २०१७ साली ज्या तीन सुगंधी द्रव्यांवर बंदीचा निर्णय झाला, त्यातली अ‍ॅट्रॅनॉल आणि क्लोरोअ‍ॅट्रॅनॉल ही दोन ओकच्या झाडावर वाढणाऱ्या दगडफुलाच्या अर्कातून येतात. शतकानुशतकं अत्तरात वापरलेली, शंभर टक्के नैसर्गिक.

इथे प्रमाणाचं भान ठेवून एक सांगतो. वऱ्हाडातल्या कातडीचं सगळ्यात मोठं दुखणं सुगंध नाही. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतलेली, गोरेपणासाठी आणि गजकर्णासाठी महिनोन्‌महिने चोळलेली स्टेरॉइडची मलमं हे त्याहून कितीतरी मोठं संकट आहे. २०१८ साली सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत अशा अनुसूचीत घातली. नियम आहे, दुकानं तुम्हाला माहीतच आहेत. सुगंधाच्या भीतीने गवताचं तेल फेकणारा माणूस जर चेहऱ्यावर तसलं मलम लावत असेल, तर त्याने भीतीची जागा चुकवली आहे.

शेतकऱ्याचा विचार मात्र राहून चालणार नाही, कारण तिखाडी आता नुसती जंगलातली राहिलेली नाही. लखनौच्या सीमॅप संस्थेने तृष्णा, तृप्ता, पीआरसी-१ असे लागवडीचे वाण काढले. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात नागार्जुन औषधी वनस्पती उद्यान आहे आणि सुगंधी पिकांवर काम होतं. कोरडवाहू, हलक्या जमिनीत येणारं, जनावरं सहसा तोंड न लावणारं आणि एकदा लावलं की काही वर्षं कापता येणारं हे पीक कपाशीने पोळलेल्या माणसाला आकर्षक वाटणारच. अशा वेळी मी वर लिहिलं ते त्याच्या पोटावर पाय देणारं आहे का? मला उलट वाटतं. युरोपने ती २६ नावांची यादी २०२३ साली ८० च्या पुढे नेली. ३१ जुलै २०२६ नंतर नव्याने बाजारात येणाऱ्या मालाला ती लागू, जुन्या मालाला २०२८ पर्यंत मुदत. यादीत नाव आलं म्हणजे बंदी आली, असं नाही. जिरॅनिऑल वीस वर्षं यादीत आहे आणि जगभर खपतं आहे. नाव छापायचं म्हटलं की खरेदीदार विचारतो : किती टक्के, कधी काढलेलं, कसं साठवलेलं, हवेने किती बिघडलेलं. या प्रश्नांची उत्तरं देऊ शकणाऱ्या भट्टीला भाव मिळेल. जुन्या काळी आपलं तेल दुसऱ्याच्या नावाखाली, गुलाब म्हणून विकलं गेलं आणि नफा इस्तंबूलने खाल्ला. पुढे मुंबईच्या वाटेवर त्याच तेलात टर्पेंटाइन आणि रॉकेल मिसळून दुसऱ्यांनी आणखी खाल्ला.

आपल्याकडच्या दुकानांतल्या बहुतेक डब्यांवर मात्र आजही शेवटी ‘परफ्यूम’ एवढाच शब्द दिसतो, तोही मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत. त्या एका शब्दाआड पाच द्रव्यं असतील किंवा पन्नास. ज्याला पॅच टेस्टमध्ये जिरॅनिऑल उठलं, त्याने काय टाळायचं? डॉक्टरने दिलेला कागद हातात आणि डबीवर कोडं. कंपनीचं गुपित म्हणून हे चालवून घेतलं जातं. तीच कंपनी युरोपात पाठवायच्या डबीवर नावं छापते, मग अमरावतीच्या डबीवर छापायला तिला काय अडतं, हे मला कोणी समजावून सांगितलेलं नाही.

तोवर आपल्या हातात जे आहे ते एवढं. नवं क्रीम किंवा तेल थेट तोंडाला न लावता कोपराच्या आतल्या बाजूला, एका ठरलेल्या जागी, सकाळ-संध्याकाळ आठवडाभर लावून पाहावं. ही अ‍ॅलर्जी उशिरा येते, तासाभरात काही झालं नाही याला अर्थ नाही. तिखाडीचं तेल घ्यायचं तर गर्द रंगाच्या लहान बाटलीत, काढल्याचा महिना लिहिलेलं, आणि उन्हाळ्यापूर्वी संपेल एवढंच घ्यावं. गुडघ्याला चोळायचं तर चोळा, पण चमचाभर तिळाच्या तेलात एक-दोन थेंब टाकून. आणि नव्या बाळंतिणीच्या घरी मालिशवाली मावशी आली की तिच्या पिशवीतली वासाची बाटली बाजूला काढून तिला साध्या खोबऱ्याच्या तेलाची वाटी द्यावी. ती कुरकुरेल. कुरकुरू द्यावं.